हाव्रेनकाठची होडी

“परत गेलीस की ही होडी फोडून टाक,” पलीकडच्या काठावर उतरता उतरता कादोग म्हणाला. तो पॉविसच्या राजाचा कारभारी. सैन्य पहाटेच उथळ उतारातून चालत नदी पार करून लढाईला गेलं होतं, हा मागे राहिलेला.

“फोडू? का म्हणून?” मॉर्विदने विचारलं.

“होडी आहे म्हटल्यावर माणसांचे पाय मागे वळतात. आज मागे फिरायचं नाही.”

“बरं,” ती म्हणाली. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मॉर्विद हाव्रेन नदीवर होडी चालवत होती. ओकच्या एका अख्ख्या खोडातून नवऱ्याने ती कोरली होती. आज तिचा मुलगा रीन भाला घेऊन त्याच सैन्यात गेला होता.

अलीकडच्या काठाला येऊन तिने कुऱ्हाड उचलली, पण हात काही चालेना. शेवटी लव्हाळ्यात नेऊन तिने होडीत दगड भरले आणि ती बुडवून ठेवली.

दुपारी वरच्या डोंगरातला पाऊस नदीला भेटला. पाणी चढलं, उतार दिसेनासा झाला. आणि तेवढ्यात पलीकडच्या झाडीतून माणसं धावत आली. आपलीच, ढाली टाकून आलेली. मागे शत्रूची, मर्सियाच्या सॅक्सनांची शिंगं वाजत होती.

मॉर्विद कमरेइतक्या पाण्यात उतरली. दगड काढताना तिची नखं फुटली. होडी वर आली.

एका खेपेला सहा माणसं. तिसऱ्या खेपेत रीन होता, हात मोडलेला.

“आई, तू...”

“मधोमध बस. होडी डुलवू नकोस,” ती म्हणाली. वल्हं मारताना तिच्या छातीवरचं ओझं मात्र एकदम उतरलं.

शेवटच्या खेपेला कादोग आला. चढताना तो होडीकडे बघत राहिला.

“फोडायला सांगितली होती मी.”

“सांगितली होतीत. बसा आता.”

या खेपेला माणसं आठ झाली होती, होडीच्या काठावरून पाणी आत येत होतं. नदीच्या मध्यावर आल्यावर मॉर्विदने विचारलं, “मागे अजून कुणी आहे? सांगा, परत जाते.”

कादोगने मागे वळून काठाकडे पाहिलं. “कुणी नाही, बाई,” तो म्हणाला. मग त्याने डोक्यावरचा लोखंडी टोप काढला आणि त्या टोपाने तो होडीतलं पाणी उपसायला लागला.

होडी काठाला लागली. रीनने दोर धरला. सगळे उतरले तरी कारभारी खाली मान घालून उपसतच होता. मॉर्विदने वल्हं आडवं ठेवलं आणि त्याचं आटपेपर्यंत ती तशीच बसून राहिली.