आडव्या दाराच्या खाचा

मित्रांनो, मी एक जुने दार आहे, पण मला उभे राहून फार काळ लोटला. आता मी चार पायांवर आडवे असते आणि लोक मला टेबल म्हणतात.

एका पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात मी पडले होते. सरपणासाठी मला फोडणार, तेवढ्यात ताईंनी मला मागून घेतले आणि चार पाय लावले. ताई चित्रकार होत्या, पण रंग विकत घेत नसत. नाल्याकाठी लोकांनी फेकलेली बाटल्यांची झाकणे, तुटक्या चपला, सायकलच्या ट्यूबा त्या पोत्यात भरून आणायच्या, धुवायच्या आणि माझ्यावर कापायच्या. पोते उचलताना त्यांचे यजमान कुरकुरायचे, "लोक घरातला कचरा बाहेर टाकतात. आमच्याकडे सगळं उलटं."

"उचला मुकाट्याने," ताई म्हणायच्या. "तुम्हालाही असंच उचलून आणलंय मी."

ताईंची चित्रे हाताने बघायची असत. ती करायला ताईंकडे येणाऱ्यांत कितीतरी जणांना डोळ्यांनी दिसत नव्हते. वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या आक्का त्यांतल्या सर्वांत जुन्या. त्यांना सामान सापडावे म्हणून ताईंनी पटाशीने माझ्या कडेला खाचा पाडल्या. एक खाच असेल तिथे झाकणे, दोन असतील तिथे चपलांचे तुकडे, लांब खाच असेल तिथे ट्यूबा. मला दुखले, पण नंतर आक्कांचा हात कधी अडखळला नाही.

नदीचे मोठे चित्र निम्मे झाले आणि ताई आजारी पडल्या. दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

खोलीला कुलूप लागले. माझ्यावर धूळ साचली. कामाने दमायला होते हे मला माहीत होते. नुसते पडून राहिल्याने त्याहून जास्त दमायला होते, हे तेव्हा कळले.

मग एकदा यजमान सुताराला घेऊन आले. "तिची वस्तू आहे. अगदी नव्यासारखी करा," ते म्हणाले. रंधा फिरला, पॉलिश लागले. त्यानंतर यजमानांनी आक्कांना निरोप धाडला, या, तिची नदी पुरी करू.

आक्का आल्या. त्यांनी माझ्या कडेवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"भाऊजी, हे टेबल कुणाचं?"

"असं काय करता आक्का? तिचंच आहे. पॉलिश केलंय. बघा, कसं चकचकीत दिसतंय."

"दिसत असेल हो. पण खाचा कुठं गेल्या? त्यावरच तर आमचं काम चालायचं."

यजमानांनी माझ्या गुळगुळीत कडेवरून स्वतःचा हात फिरवला. "मला वाटलं, टवके उडालेत," ते म्हणाले. "तिचं एवढं एक राहिलं होतं, तेही मीच पुसलं."

"पटाशी आहे ना घरात?"

"आहे. पण कुठं काय होतं, मला कुठं ठाऊक?"

"मला आहे ना. मी बोट ठेवते तिथं पाडा. बोट सोडून पाडा म्हणजे झालं."

यजमानांनी पटाशी आणली आणि आक्कांच्या बोटाशेजारी एकेक खाच पाडली. ताईंच्या खाचा सरळ होत्या, यांच्या वेड्यावाकड्या आल्या. आक्कांनी त्या चाचपून पाहिल्या. "अक्षर खराब आहे भाऊजी, पण वाचता येतंय." मग त्यांनी पहिले झाकण उचलले.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जरूर जपा. पण ती पुसण्याआधी डोळे मिटून तिच्यावरून एकदा हात फिरवा, आणि ती वापरणाऱ्यांना विचारा. मी आता थकले आहे. माझा एक पाय डुगडुगतो. पण नदी अजून समुद्राला मिळायची आहे. तोवर मला फोडू नका.