धाकटीच्या पहिल्या पुस्तकाला पुरस्कार

ताई एकोणीस वर्षं मुलांसाठी लिहीत होती. तिची तीन पुस्तकं वार्षिक पुरस्काराच्या अंतिम यादीपर्यंत पोचली आणि तिथूनच परत फिरली. यंदा चौथं यादीत होतं. आणि त्याच यादीत तिच्या धाकट्या बहिणीचं पहिलंवहिलं पुस्तकही होतं.

धाकटी दातांची डॉक्टर. खुर्चीवर बसायला घाबरणाऱ्या मुलांना ती एका हट्टी दुधाच्या दाताची गोष्ट सांगायची. तीच तिने लिहून काढली. हस्तलिखित तपासलं ताईनेच. "शेवटचं प्रकरण काढून टाक," ती म्हणाली होती. "दात पडला, गोष्ट संपली. पुढे त्या रिकाम्या जागेचं रडगाणं कोण वाचणार?" धाकटीने मान डोलावली, पण प्रकरण ठेवलं.

निकाल लागला तेव्हा ताई प्रकाशकाच्या कचेरीत मुद्रितं तपासत होती. संपादकबाई फोन नाचवतच आल्या. "अहो, अभिनंदन! पुरस्कार तुमच्याच घरात आला की!"

ताईच्या हातातली पेन्सिल थांबली.

"तुमच्या बहिणीला!"

ताई हसली. गाल दुखेपर्यंत हसली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि फोनवर परीक्षकांचं मत वाचलं. 'शेवटचं प्रकरण हाच या पुस्तकाचा प्राण आहे.' तिच्या अंगाची लाहीलाही झाली. धाकटीचे तीन फोन येऊन गेले. तिने एकही उचलला नाही.

संध्याकाळी धाकटी दवाखान्यातून थेट ताईच्या घरी आली. "ताई, कुठे होतीस गं दिवसभर? मला भाषण लिहून दे ना. तुझ्यासारखं मला थोडंच जमतंय?"

"तुला सगळं आयतंच लागतं," ताई म्हणाली. "लहानपणी माझे फ्रॉक घेतलेस. आता माझं..."

"तुझं काय?"

"माझं बक्षीस!"

चहा घेऊन येणारे ताईचे यजमान दारातूनच मागे वळले.

धाकटी सोफ्यावर टेकली. "ते प्रकरण काढ म्हणालीस ना, तेव्हा मी घरी जाऊन रडले होते. काढणारच होते. मग वाटलं, ताईला एवढं झोंबलंय, म्हणजे काहीतरी जमलं असणार."

ताई खाली बघत म्हणाली, "जमलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

धाकटीचा चेहरा उतरला. तिने पर्स उचलली. "भाषण माझं मीच लिहीन." दाराशी मात्र ती थांबली. "समारंभाला येशील ना?"

"येईन. पहिल्या रांगेत बसवू नकोस. मला चेहरा सांभाळता येत नाही."

धाकटीला नको असतानाही हसू आलं.

ताई गेली. सातव्या रांगेत बसली. धाकटीने भाषणात तिचं नाव घेतलं नाही, एवढंच म्हणाली, "माझ्या बहिणीने हे पुस्तक सगळ्यांत आधी ओळखलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनेही वाजवल्या, अगदी मनापासून नाही, पण हात लाल होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून फोन लावला. "भाषण फार लांबवलंस," ती म्हणाली. "पण पुढचं काही लिहिलंस तर आधी मला दाखव. खरं खरं सांगेन."

"बघू," धाकटी म्हणाली.