खांद्याकडे बघायचं

बाबा कानाच्या टेस्टमध्ये पास झाले. हसावं की रडावं कळेना, कारण हा माणूस ठार बहिरा आहे.

सैन्यात आयुष्यभर तोफेवर होते. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात कानाचं मशीन फुकट मिळतं, पण त्यासाठी टेस्टमध्ये नापास व्हावं लागतं. मध्यंतरी आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. बाबा बाहेरच्याच खोलीत होते. आईने त्यांना सांगून ठेवलंय की मला चक्कर आली, मी हाकच मारली नाही. तेव्हापासून मागे लागून लागून आज त्यांना आणलं.

टेस्ट साधी. बाबा काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. काचेबाहेर टेस्टवाली ताई शिट्ट्या सोडत होती, तिच्या मागे मी. बाबांनी एकही शिट्टी चुकवली नाही. ताई म्हणाली, यांचे कान तर तुमच्यापेक्षा तरुण आहेत, मशीन कशाला?

बाहेर व्हरांड्यात विचारलं तर स्वारी खुशीत. म्हणे, शिट्टी सोडताना तिचा खांदा हलतो ना, तेव्हा दाबायचं. तोफखान्यात दर मेडिकलला सगळे हेच करायचे. नापास झाला की तोफेवरून उचलून स्टोअरला, ब्लँकेटं मोजायला. त्यामुळे जुने लोक नव्यांना आधी हेच शिकवायचे. आज मुद्दाम नाही केलं म्हणाले, खुर्चीत बसलो आणि नजर आपोआप तिकडेच गेली.

मग टेस्ट परत द्या म्हटलं. ऐकेनात. लागतंय तेवढं ऐकू येतं म्हणे.

आईने शपथ घातली होती. पण मी बोललो. आणि बाबांशी हळू बोलता येत नाही, म्हणून अख्ख्या व्हरांड्यासमोर ओरडून बोललो.

"आईने हाका मारल्या होत्या, बाबा. तुम्हाला ऐकू नाही आल्या."

बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "हळू रे, मलापण ऐकू आलं. माझं मशीन घालवशील." दोघं-तिघं हसले.

बाबांनी विचारलं, "किती वेळ?"

"मी कामावरून येईपर्यंत."

ते उठले आणि आत गेले. ताईला म्हणाले, पोरी, चूक झाली, परत घे. स्वतःच खुर्ची फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

ताईने शिट्टी सोडली. बाबा तसेच. आवाज वाढवला. तसेच. अंगठा बटणावर, मान ताठ. मध्येच एकदा शिट्टी नसताना त्यांनी दाबलं. ताईने ते धरलं नाही. आवाज पार शेवटाला नेला तेव्हा कुठे एकदा बरोबर दाबलं.

बाहेर आल्यावर माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"नापास," मी ओरडलो. "दोन्ही कानांना मशीन मिळेल. पण यायला वेळ लागेल."

"लागू दे," बाबा म्हणाले. "तोवर मी तुझ्या आईसमोर बसतो."