मातीची अब्रू

व्हॅनमधून उतरल्यापासून दालवनीराचा पाय एका जागी ठरत नव्हता. मावशीच्या दारात येईपर्यंत तिने बोटं मोडून मोडून लाल केली होती. परवा राज्याच्या राजधानीत, फोर्तालेझात, सरकारी बैठक होती. कुठल्या भागाला दुष्काळी म्हणायचं आणि कुठल्या नाही, ते तिथं ठरायचं होतं, आणि ज्या आलेखावरून ठरायचं तो तिनेच काढला होता. त्या आलेखात इन्यामुन्सच्या या उघड्याबोडक्या माळावरची शेतं झऱ्यांच्या कारिरी खोऱ्यापेक्षा जास्त ओली दिसत होती. बकरीने माशाला पोहायला शिकवावं, तसलाच प्रकार.

गेल्या वर्षीही मातीच्या ओलीची अशीच सरासरी धरली गेली आणि मावशीचं गाव दुष्काळी यादीतून गळलं. ना पाण्याचे टँकर आले, ना बुडालेल्या चवळीची भरपाई. तरणी पोरं बस धरून साओ पाउलोकडे ऊस तोडायला गेली. त्यात मावशीचा मुलगा जेनिवालही होता. तेव्हा दालवनीराला शंका आली नाही. सख्ख्या मावशीचं शेत आणि स्वतःच्या हाताने पुरलेलं ओल मोजायचं यंत्र, तिथं कोण कशाला शंका घेईल? शिवाय महिन्याच्या सरासरीत संध्याकाळ दिसत नाही. गेल्या आठवड्यात तिने तासातासाचे आकडे उघडले आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. आभाळात ढगाचं नाव नाही, आणि दिवेलागणीला माती रोज ओली होत होती.

"आशीर्वाद दे, मावशी."

"देव तुझं भलं करो. किती वाळलीस गं! शहरात जेवायला घालतात की नुसते आकडेच वाढतात?" मावशीने, म्हणजे दोना झुलेइदेने, तिला ओढून खुर्चीत बसवलं आणि कॉफीचं आधण ठेवलं. "यंदाही काही खरं नाही बघ. सांता लुझियाच्या सणाच्या रात्री मिठाचे सहा खडे मांडले होते, सहा महिन्यांचे; खडा पाझरला की त्या महिन्यात पाऊस. सकाळी सगळे कोरडे ठणठणीत."

"मावशी, यंत्राजवळ कोणी जातं का?"

"तुझ्या पाहुण्याजवळ? माझ्या जिवात जीव आहे तोवर बकरीसुद्धा फिरकत नाही."

दालवनीरा उठली, खिडकीशी गेली, परत बसली. मक्याचा कुसकुस तिने ताटात तसाच ठेवला. मावशीने घंगाळात भांडी विसळली, घंगाळ कमरेवर घेतलं आणि बाहेर पडली. विसळलेलं पाणी फुकट घालवणारी बाई या मुलखात अजून जन्मायची आहे. ते कोथिंबिरीच्या वाफ्याला जातं. पण मावशी वाफा ओलांडून पुढे गेली. कुंपणाजवळ यंत्राची दांडी उभी होती, तिच्या बुडाशी तिने घंगाळ उपडं केलं. मग पावसाच्या टाकीतून डबाभर पाणी काढलं आणि तेही तिथंच ओतलं.

"मावशी! अगं, हे काय?"

"पाणी घालते. रोज घालते. का?"

"प्यायचं पाणी?"

"मग? पाहुण्याला काय नुसतं खरकटं पाजू?"

"पण कशासाठी?"

"तूच म्हणालीस ना, आपली माती आणि कारिरीची माती ताडून बघायचीय!" मावशीचे डोळे चमकले. "माझ्या लग्नात कारिरीची जाऊबाई चार माणसांत काय म्हणाली माहितीय? म्हणे, झुलेइदे, तुमच्याकडे शेत नसतं गं, चुलीतली राख असते. सगळे हसले. माझा बापही हसला. मी म्हटलं, येऊ दे माझी वेळ. टाकी तळाला गेली तेव्हा अंघोळ सोडली, पण याचा डबा चुकवला नाही. आता सांग, हरवलं की नाही त्यांना?"

"हरवलं," दालवनीरा म्हणाली.

"मग तोंड का पाडलंस?"

यंत्र बिघडलंय, एवढं म्हणून ते उपटून न्यायचं, की झालं. मावशीची अब्रू राहील, आपली नोकरी राहील, यंदाचं वर्षही निभेल. मोह झाला, नाही कसा? पण गेल्या वर्षीचा निकाल फिरवायचा तर नुसतं बिघडलं म्हणून भागत नव्हतं. कुणी काय केलं, ते नावानिशी सांगावं लागणार होतं. नाहीतर गेलेल्या पोरांच्या घरी भरपाईचा दाणा येणार नव्हता.

"मावशी, ती शर्यत नव्हती गं. जो जास्त कोरडा, त्याला मदत मिळते."

मावशीला कळायला वेळ लागला. हातातला डबा तिने हळूच जमिनीवर ठेवला. "मग गेल्या वर्षी आपलं गाव..."

"हो."

"आणि माझा जेनिवाल..."

दालवनीराला तिच्याकडे बघवेना. "चूक माझी आहे. ताडायचंय एवढंच सांगितलं, कशासाठी ते सांगितलंच नाही. मला वाटलं, तुला काय करायचंय ते कळून."

"तेवढं मात्र खरं बोललीस," मावशी म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. धुतलेलीच भांडी ती पुन्हा लावत होती. दालवनीरा अंगणात येरझारा घालत राहिली. रडावं म्हटलं तर रडूही येईना.

शेवटी मावशी दारात आली. "मी येते परवा."

"तिथं सगळे साहेब लोक असतात, मावशी. नाही नाही ते विचारतील."

"विचारू देत. पाणी मी घातलं, मीच सांगेन. तू मध्ये पडू नकोस."

फोर्तालेझाच्या बसमध्ये मावशी चर्चला जायचा निळा ब्लाउज घालून ताठ बसली होती. बाहेर काटेरी रान मागे पळत होतं आणि तिचे ओठ सारखे हलत होते. दालवनीराला वाटलं, जप चाललाय. कान देऊन ऐकलं तर ती म्हणत होती, "माझी माती कोरडी आहे. साहेब, माझी माती कोरडी आहे." कधी चढ्या आवाजात म्हणून बघायची, कधी हळू, आणि दर वेळी 'कोरडी'पाशी अडखळायची.

मध्येच तिने दालवनीराचं मनगट धरलं. "फोन लाव."

"कुणाला?"

"जेनिवालला. साहेबांना मग सांगते. आधी त्याला सांगायला हवं."

पलीकडे घंटी वाजू लागली. मावशीने फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"हॅलो, बाळा? जेवलास का रे? ऐक, मध्ये बोलू नकोस. आपली माती कोरडी आहे रे, बाळा. पहिल्यापासून कोरडीच होती."