चौदावा नग

विद्यापीठाच्या नवोन्मेष महोत्सवात मला परीक्षक म्हणून बोलावले, कारण परीक्षक मंडळात एक विद्वान असावा असे नियमावलीत लिहिले होते. त्याच नियमावलीत सभागृहात एक अग्निशामक नळकांडे असावे असेही लिहिले होते. आम्हा दोघांना भिंतीलगतची जागा मिळाली, आणि दोघांचाही उपयोग करण्याची वेळ येऊ नये अशीच संयोजकांची मनोमन इच्छा असावी.

सकाळपासून सात सादरीकरणे झाली. प्रत्येकाला सहा मिनिटे, त्यानंतर भोंगा. एका तरुणाने पाणी पिण्याची आठवण करून देणारे ॲप आणले होते. तहान नावाची एक प्राचीन यंत्रणा आधीपासून अस्तित्वात आहे, हे त्याच्या कानावर कोणी घातलेले दिसले नाही. दुसऱ्याचे ॲप इतर ॲपच्या आठवणी बंद करत असे. ‘जग बदलणे’ हा शब्दप्रयोग मी अकरा वेळा ऐकला आणि मग ऐकणे सोडून दिले. ज्यांना जग कशाचे बनले आहे हे ठाऊक नाही, त्यांना ते बदलण्याची घाई फार असते. माझ्या शेजारी बसलेला गुंतवणूकदार मात्र प्रत्येक वेळी मान डोलवीत होता. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासच्या बुटांतला, पस्तिशीचा, हसतमुख गृहस्थ. त्याने मला विचारले, “सर, तुम्ही काय शिकवता?”

“विचारांचा इतिहास.”

“वा! त्याला मार्केट आहे?”

“होते,” मी म्हणालो. “मग तुमचा जन्म झाला.”

तो मनापासून हसला. त्याच्यावर रागावणे अवघड होते, आणि याचाही मला राग आला.

आठवा अर्ज मात्र मी आदल्या दिवशी दोनदा वाचला होता. ‘तुम्ही सोडवू इच्छिता ती समस्या’ या चौकटीत इतरांनी मानवजातीपासून सुरुवात केली होती. इथे एवढेच होते : ‘माझी आई चिनी मातीच्या कारखान्यात तपासणीला बसते. विजेच्या खांबांवर तारा पेलणारे पांढरे इन्सुलेटर ती लाकडी हातोडीने ठोकते आणि आवाजावरून आतला तडा ओळखते. तिने चांगला म्हटलेला नग खांबावर फुटत नाही. आता तिचा कान जातो आहे. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन वर्षे. तो जायच्या आत तिला ऐकू येते ते सगळे मला या पेटीला शिकवायचे आहे. त्यासाठी शांत खोली हवी.’

पहिल्या क्रमांकाचे बक्षीस नेमके तेच होते : ध्वनिशास्त्र विभागातली, भिंतींना जाड अस्तर असलेली, बाहेरचा आवाज आत न येणारी खोली, वर्षभरासाठी. दुसऱ्या क्रमांकाला मानचिन्ह होते.

मुलगी मंचावर आली. बारीक, चष्म्याची, बुटांच्या खोक्याएवढी लाकडी पेटी छातीशी धरलेली. पेटीला एक छोटी हातोडी, एक मायक्रोफोन आणि दोन दिवे : हिरवा चांगल्याचा, लाल तड्याचा. टेबलावर कारखान्याने पाठवलेले, पेल्याएवढ्या आकाराचे वीस नग ओळीने मांडले होते. त्यांतले तडा गेलेले कोणते, याची यादी बंद पाकिटात संचालिकाबाईंकडे होती. नवोन्मेष कक्षाच्या या संचालिका उत्साही होत्या, आणि उत्साहाइतके नुकसान आळसानेही होत नसते.

पेटीने पहिला नग ठोकला. लाल. दुसरा ठोकला. लाल. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे लाल. दहाव्यापर्यंत मागच्या रांगा हसू लागल्या आणि विसाव्याला टाळ्या पडल्या. त्या कसल्या होत्या हे सांगायला नको. निवेदक माइकवर म्हणाला, “कारखाना बंद करावा लागणार वाटतं!”

मुलीने एकदा पेटीकडे पाहिले, एकदा तारांकडे. एक मिनिट उरले होते.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, इस्त्रीची साडी नेसलेल्या; बाहेरच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवलेली असावी. त्या कोणालाही न विचारता मंचावर चढल्या, एक नग उचलून हातात फिरवला आणि विचारले, “ही चिकटवाचिकटवी कुणी केली?”

प्रत्येक नगाच्या पोटावर महोत्सवाचे बोधचिन्ह होते. फोमचे, गुबगुबीत, तळहाताएवढे. छायाचित्रात छान दिसावे म्हणून.

“आम्हीच लावलीत,” संचालिका म्हणाल्या. “ब्रँडिंग आहे.”

“बाई, गाणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि मग म्हणायचं सूर लागत नाही,” हातात नग घेतलेली ती बाई म्हणाली. “पेटीची काय चूक? हिला सगळे बसल्या घशाचे ऐकू आले, तिने तसं सांगितलं.”

ही आई होती. कारखान्यात तिला सगळे कानवाली म्हणत, हे नंतर कळले.

भोंगा वाजला. मी माझ्या तीस वर्षांच्या सेवेतला पहिला नियमभंग केला : भोंग्याची तार भिंतीतून उपटली. “स्टिकर काढा,” मी म्हणालो. “वीसच्या वीस.”

काढायला वेळ लागला. गोंद उत्तम प्रतीचा होता. या महोत्सवात तेवढी एकच गोष्ट दाव्याप्रमाणे काम करत होती. संचालिका, निवेदक आणि शेवटी गुंतवणूकदारही नखांनी फोम खरवडत बसले. मग आई म्हणाली, “आता मी आधी सांगते, मग पेटी सांगेल. आणि जरा गप्प बसा सगळे. पंखेही बंद करा.”

पाचशे माणसे गप्प बसली.

तिने डाव्या हाताच्या तीन बोटांवर नग तोलला आणि हातोडीचा हलकासा स्पर्श केला. एक स्वच्छ, गोल नाद उठला, सभागृहभर पसरला आणि विरत गेला. “चांगला.” पेटीने ठोकला. हिरवा. दुसरा, “चांगला.” हिरवा. तिसऱ्याला मला काहीही वेगळे ऐकू आले नाही. पण तिचे डोके, माशी बसावी तसे, किंचित हलले. “तडा. गळ्यापाशी, आतून.” लाल.

मी पुस्तकांच्या जगात वाढलेला माणूस. कारागिराला आपण काय जाणतो ते सांगता येत नाही, म्हणून त्याचे ज्ञान हे ज्ञानच नव्हे, असे ठरवणाऱ्या ग्रंथांवर मी स्वतः चारशे पानांचा ग्रंथ लिहिलेला आहे. तो लिहिताना मी एकदाही कुणाला नग ठोकताना पाहिले नव्हते. इथे एक बाई दोन बोटांच्या हालचालीने पांढऱ्या मातीच्या पोटात उतरत होती आणि जिथे भट्टीत कधीतरी केसभर जागा सुटली होती तिथे जाऊन परत येत होती. आणि तिच्या मागोमाग, त्याच वाटेने, तिच्या मुलीने जोडलेली एक पेटी जात होती. नववा, “तडा.” लाल. दहावा, अकरावा, बारावा, तेरावा, चांगले.

चौदावा तिने ठोकला. “चांगला.”

पेटी लाल झाली.

तिने पुन्हा ठोकला. कान जवळ नेला. तिसऱ्यांदा ठोकला. “चांगला आहे,” ती म्हणाली, पण या वेळी थोडे हळू. पुढचे सहा नग दोघींनी एकमताने सांगितले. सतरावा तड्याचा, बाकीचे चांगले. संचालिकांनी पाकीट फोडले. तिसरा, नववा, सतरावा. चौदाव्याचे नाव यादीत नव्हते.

“म्हणजे पेटीची एक चूक,” गुंतवणूकदार म्हणाला. “विसात एक. वाईट नाही.”

मी मुलीकडे पाहत होतो. ती चौदाव्या नगाकडे पाहत नव्हती. आईकडे पाहत होती. आणि तिने जे केले ते सभागृहातल्या फार थोड्यांना कळले असेल. ती म्हणाली, “हो. पेटी चुकली. दुरुस्त करीन.”

आपल्या दोन वर्षांच्या कामावर तिने अशी सहज काट मारली.

“पेटी कशी चुकेल?” आई म्हणाली. “मी शिकवलंय तिला.”

“आई, राहू दे ना.”

“काय राहू दे? पाकिटावर माझा विश्वास नाही. ते भरलं कारखान्यात, आणि ही चिकटवाचिकटवी झाली इथे, त्यानंतर. हातातून एखादा नग आपटला असेल तर कोण कबूल करणार आहे?” ती सगळ्यांकडे वळली. “शाई आणा. लाल असेल तर बरी.”

ही कारखान्यातली शेवटची परीक्षा. नगावर पातळ शाई ओतायची, थोडे थांबायचे, पुसून टाकायची. तडा असेल तर शाई आत राहते. परीक्षकांच्या लाल पेनांतली शाई पाण्यात मिसळून निवेदकाने वाटी आणली. आईने स्वतःच्या हाताने ती नगावर फिरवली. पाच मिनिटे पाचशे माणसे एका वाटीकडे बघत बसली. मग तिने पदराने नग पुसला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

कडेपासून खाली, नखाएवढ्या लांबीची, केसाहून बारीक, एक लाल रेघ होती.

टाळ्या वाजू लागल्या. पेटी यादीहून शहाणी ठरली होती. पेटी माणसाहून शहाणी ठरली होती, असे निवेदक ओरडून सांगत होता. मूर्खाला नेहमी अर्धेच दिसते आणि ते तो दुप्पट आवाजात सांगतो. पेटीने ऐकले ते दोन वर्षांपूर्वीच्या आईच्या कानाने. मंचावर त्या घटकेला दोन कानवाल्या होत्या, आणि त्यांतल्या जुनीला, म्हणजे पेटीतलीला, तडा ऐकू आला होता.

आई नग हातात धरून उभी होती. “मला आला नाही हा,” ती मुलीला म्हणाली, अगदी साध्या आवाजात. “तुला माहीत होतं?”

मुलीने होकारार्थी मान हलवली. “गेल्या महिन्यापासून.”

“आणि बोलली नाहीस. बापावर गेलीस.”

गुंतवणूकदार पुढे झुकला. तो वाईट माणूस नव्हता, म्हणून त्याचा प्रश्न अधिक लागला. “ताई, मला हे सगळं फार आवडलं. पण अजून किती शिकवायचं बाकी आहे?”

“इन्सुलेटरच्या आणखी सहा जाती,” मुलगी म्हणाली.

“आणि शिकवणाऱ्यांनाच आता ऐकू येत नसेल, तर खोली घेऊन करणार काय? सगळा धंदा एका कानावर उभा आहे, आणि तो कान... माफ करा.”

त्याचे म्हणणे खरे होते. हा मुद्दा माझ्या चारशे पानांत आलेला नव्हता.

आईने नग खाली ठेवला. “सहातल्या चार जाती मोठ्या आहेत, जाड आवाजाच्या. त्या मला अजून लख्ख ऐकू येतात. दोन बारीक आहेत, याहून बारीक. त्या माझ्याच्यानं होणार नाहीत.” पुढचे वाक्य तिला जड गेले, हे शेवटच्या रांगेलाही दिसले असेल. “आमच्याकडे समोरच्या बाकावर एक डावरी बसते. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. पहिल्यापासून होता. फोन लाव गं तिला.”

“आई! तुम्ही अकरा वर्षं बोलत नाही.”

“म्हणून तर म्हणते, तू लाव.”

मुलीने फोन लावला आणि आवाज मोठा केला. पंखे अजून बंदच होते. प्रत्येक शब्द ऐकू येत होता. आईची नजर मुलीच्या तोंडावर होती, आणि मुलगी पलीकडचे शब्द नुसत्या ओठांनी पुन्हा म्हणत होती.

“मी बोलतेय. कानवाली.”

पलीकडून एक खरखरीत आवाज : “कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही. सगळे ठणठणीत आहेत.”

“मग फोन कशाला केलास? पायाबियाला लागलंय?”

सभागृहात हशा पिकला. आई हसली नाही. “तुझा कान पाहिजे.”

“तुझा कुठे हरवलास?”

“संपत आलाय. बारीक आवाज लागत नाही.”

“मला वाटलंच,” डावरी म्हणाली. “मागच्या आठवड्यात तुझ्या चांगल्यांच्या टोपलीतला एक नग मी काढून फुटक्यांत टाकला.”

“एकच?”

“...चार. म्हटलं, साहेबाला कळायला नको. तुझ्यासाठी नाही केलं हं. खांबावर कुणी चढतं, त्याच्या डोक्यावर नको पडायला.”

मुलीचे ओठ हलायचे थांबले. आईने तिच्या कोपराला हात लावला तेव्हा तिने शेवटचे वाक्य पुन्हा उच्चारले. आईने ते वाचले. ज्या अबोल्यात मी फक्त वैर पाहिले असते, त्याच्या आत एक कान दुसऱ्या कानाची राखण करत बसला होता, आणि हे त्या दोघींनाही आत्ताच, पाचशे लोकांसमोर, उमगत होते. शेजारी कागद खसखसला. गुंतवणूकदाराने गुणपत्रिकेवर आधी लिहिलेले काहीतरी खोडले, ‘पहिला’ असे लिहिले आणि पेनचे टोपण लावून टाकले. मी माझे त्याआधीच लिहिले होते.

“पोरीने पेटी केलीय,” आई म्हणाली. “तिला बारीक दोन जाती शिकवायच्यात. खोली मिळाली तर येशील?”

“येईन. पण तुझ्या शेजारी बसणार नाही.”

“समोरच बस. तोंडाकडे बघितल्याशिवाय तू काय म्हणतेस ते मला हल्ली कळत नाही.”

“आधी तरी कुठे कळत होतं?” डावरी म्हणाली.