पोचा पडलेली डबी

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. माझ्या अंगावर मोठा पोचा आहे आणि तो ठोकून सरळ करायला मी कुणालाही देणार नाही.

मित्रांनो, माझा जन्म खोकल्याच्या गोळ्यांसाठी झाला. गोळ्या संपल्यावर मी कचऱ्यातच जायची. पण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींच्या थोरल्या लेकीने मला घासूनपुसून लख्ख केले. मग एका संध्याकाळी तिने माझ्या पोटात काय काय भरले! जखमेच्या पट्ट्या, दोरा ओवलेली सुई, दोन सेफ्टी पिना, साखरेची पुडी, नखाएवढी बॅटरी आणि सगळ्यांत वर शिट्टी. मी फुगून गेले. एवढीशी मी, पण अडीनडीचा अख्खा संसार माझ्यात मावला होता!

"बाबा, ही खिशात ठेवायची. पिशवीत नाही."

"अगं, मी लिफ्ट दुरुस्त करायला जातो, जंगलात नाही," मिस्त्री हसले. तरी लेकीचा शब्द मोडवेना म्हणून त्यांनी मला खिशात टाकले. पुढे मात्र गुपचूप शिट्टी काढून तिथे दात कोरायच्या काड्या भरल्या. मला फार राग आला, पण डबीचे कोण ऐकतो?

एकदा मिस्त्री मुख्य बटण बंद करून लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरले. शिडी सरकली, ते पडले आणि पाय घोट्यात मोडला. फोन वर पिशवीत राहिला होता. बाहेर पाण्याच्या पंपाची घरघर चालू होती, त्यात त्यांची हाक बुडून गेली. वाट पाहून कंटाळलेल्या कुणी बटण चालू केले असते, तर लिफ्ट थेट आमच्या डोक्यावर आली असती!

त्यांनी घाईघाईने मला उघडले. शिट्टीच्या जागी काड्या! त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग मला रिकामी करून मुठीत धरले आणि थेट गच्चीपर्यंत गेलेल्या लिफ्टच्या लोखंडी रुळावर दणादण आपटायला सुरुवात केली. मित्रांनो, फार लागले. पण तो आवाज रुळातून मजल्यामजल्यावर पोहोचला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यातून ओरडल्या, "अरे, हात काढ त्या बटणावरून! आत माणूस आहे!" रखवालदाराचा हात तेव्हा बटणावरच होता.

पाय बरा झाल्यावर लेकीने नवी चकचकीत डबी आणली. मिस्त्री म्हणाले, "ती तुला ठेव. मला हीच हवी."

हे ऐकून माझी छाती फुगली. आता पोच्यामुळे माझे झाकण नीट बसत नाही, म्हणून ते मला रबर लावतात. मित्रांनो, तुम्हीही अशी एक डबी भरा, खिशातच बाळगा आणि तिच्यातले काढलेले आठवणीने परत ठेवा.

काड्या आता स्वयंपाकघरात गेल्या आहेत. रोज सकाळी कामावर निघताना मिस्त्री मला उघडतात आणि शिट्टी एकदा वाजवून बघतात. धाकटी पांघरुणातून कुरकुरते. थोरली मात्र आतून मोठ्याने सांगते, "ऐकू आली, बाबा!"