कुजबुजीपुरतं यंत्र

"मागं मागं सरू बाई, पुढं हिरवं होई…"

आईचा हा आवाज ग्यूहोच्या कानात पंचेचाळीस वर्षं होता. भाताची रोपं लावत, चिखलात मागं सरत आई गायची. बांधावर बसलेल्या पोराच्या लक्षात तेवढी एकच ओळ राहिली. आत्ताही तीच आठवत तो सोलच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तिसऱ्या मजल्यावर उभा होता, आणि दुरुस्तीवाले पेंग उस्ताद त्यानं स्वतः जोडलेल्या, माइकचा आवाज वाढवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात मीटरच्या सुया टेकवत होते.

"बॅटरी नऊ व्होल्टची. मग आवाज कुठं उभा राहायला हवा?"

"मधोमध. साडेचारावर."

"आणि हा उभाय पाऊण व्होल्टावर! जमिनीला नाक घासतंय बिचाऱ्याचं. बारीक आवाज कसाबसा मावतो. मोठा आला की खालचा अर्धा छाटला जातो." उस्तादांनी भिंग डोळ्याला लावलं. "हा रेझिस्टर दहापट चुकलाय. नारिंगी पट्ट्याच्या जागी पिवळ्याचा बसवलास. डोळे गहाण टाकले होतेस का?"

"मी तपासलं होतं, उस्ताद."

"काय बोलून?"

"एक, दोन, तीन."

"म्हणून दाखव बरं."

ग्यूहोनं म्हणून दाखवलं. खालच्या-वरच्या बिऱ्हाडांच्या तक्रारी ऐकत वीस वर्षं फ्लॅटमध्ये काढलेल्या माणसाच्या गळ्यातून निघेल, तेवढंच निघालं.

"अरे, हा माइकचा प्रीॲम्प की चहाड्या सांगायचं यंत्र?" उस्ताद खदखदून हसले. डाग द्यायच्या कावियाचं टोक तापवून त्यांनी दहा मिनिटांत रेझिस्टर बदलला. "झालं. जा, पुन्हा रेकॉर्ड कर."

पुन्हा. ग्यूहोनं मान खाली घालून झाकणाचे स्क्रू आवळले.

ते गाणं पुरतं येणारी एकच बाई आता उरली होती, आईची धाकटी बहीण, ओकसुन मावशी. जूनमध्ये तो हेनामला तिच्या घरी हा डबा घेऊन गेला होता. मावशीची सून मिरान तेव्हा फोन पुढं धरून बसली होती. "फोन ठेव गं," तो मोठ्या ऐटीत म्हणाला होता, "फोनमध्ये आवाजाची भाकरी होते." मग मावशी ओसरीवर ताठ बसली. तिच्यासमोर कान झाकून बसणं त्याला बरं वाटेना, म्हणून त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई सगळी कडवी गायली. शेवटी आसवं पुसत म्हणाली, "ताई आली होती बघ."

घरी येऊन ऐकलं तर नुसतं कापड टरकावल्यासारखं. शब्द नाही, सूर नाही. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "झकास आलंय, मावशी."

सप्टेंबरात मावशीच्या गळ्यातली गाठ ऑपरेशन करून काढली. तेव्हापासून तिचा आवाज भाताच्या कोंड्यासारखा कोरडा झाला होता.

नोव्हेंबरात, हिवाळ्यासाठी किमचीचं लोणचं घालायच्या दिवशी तो हेनामला पोचला, तेव्हा अंगणात मिठातल्या कोबीचा ढीग पडला होता आणि बायकांचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"आले का भाऊजी!" मिराननं मिरचीचं पातेलं सरकवलं. "गाणं आज तरी ऐकवा. का सोलमध्ये तिकीट लावून ऐकवताय?"

"हिचा हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं," शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या.

"डबा… दुरुस्तीला दिलाय," ग्यूहो म्हणाला. डबा त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होता.

मावशी हसली नाही. हातातला कोबी तिनं तसाच खाली ठेवला. "चल, मडकं उचलू लाग," म्हणत ती त्याला घरामागं घेऊन गेली. मडक्याला मात्र तिनं हात लावला नाही.

"बेसूर झालं होतं ना रे?"

"काय?"

"माझं गाणं." खरखरत, थांबत ती बोलत होती. "तिसऱ्या कडव्याला दम सुटला होता, मला कळलं होतं. पाच महिने झाले, तू विषय टाळतोस. भला पोरगा आहेस, मावशीची लाज राखतोयस. पुसून टाक ते. ताईच्या गाण्याची मी माती केली." लाल हात तिनं पदराआड लपवावेत तसे एप्रनमध्ये गुंडाळले. "फक्त एवढं सांग, फारच वाईट होतं का?"

ग्यूहोचे कान तापले. इतके महिने ती रोज रात्री ते तिसरं कडवं मनात उकरत पडली असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तेवढ्यात मिरान उकडलेल्या मांसाचं ताट घेऊन कोपऱ्यावरून वळली. "मावशी-भाच्यांची काय खलबतं चाललीत?" ती जाईपर्यंत थांबता आलं असतं. तो थांबला नाही. मडक्यापाशी उकिडवा बसला, जमिनीकडं बघत.

"मावशी, तू सुरेल गायली होतीस. डबा मी चुकीचा जोडला होता. तुझा एक शब्दसुद्धा त्यात उतरला नाही, आणि मिरानचा फोन मीच ठेवायला लावला."